जाळी चुकवून मोजलेलं आकाश

तात्यांनी हात वर केला तेव्हा माझ्या तोंडात अर्धा कंदी पेढा होता.

"सभागृहातल्या कुणाला काही विचारायचं असल्यास..." असं म्हणत विभागप्रमुख शेख सर फाईलची नाडी बांधायला लागले होते. पीएचडीच्या खुल्या तोंडी परीक्षेत शेवटी हे वाक्य म्हणावंच लागतं. त्याचा अर्थ 'चला, आता सामोसे आणायला हरकत नाही' एवढाच असतो. सात वर्षांत मी अशा वीसेक परीक्षांना मागच्या बाकावर बसले होते. त्या वाक्यानंतर कुणी हात वर केलेला मी पाहिला नव्हता.

आणि आता तिसऱ्या रांगेत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या बाहीतला एक हात सरळ वर गेला होता. टेकाडावर झेंडी धरल्यासारखा.

"साहेब, एक विचारू का?"

मला 'नको' असं ओरडायचं होतं. पेढा टाळूला चिकटला होता.

माझे वडील, रंगराव चाळके, पाटण तालुक्यात चौतीस वर्षं मोजणीदार होते. सरकारी साखळी खांद्यावर घेऊन त्यांनी त्या डोंगरउतारावरची अर्धीअधिक शेतं मोजली. मी नववीत असताना आई गेली, आणि पुढचं माझं सगळं त्यांनीच केलं. वेण्यासुद्धा. दोन्ही वेण्या समान लांबीच्या आल्याशिवाय ते मला शाळेत सोडत नसत, म्हणून माझा रोज पहिला तास चुकायचा.

त्या दिवशी सकाळी स्वारगेटला त्यांना उतरवून घेतानाच मी बजावलं होतं.

"तात्या, तिथं फक्त बसायचं. बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय? मी पाहुणा."

"मानसुद्धा हलवायची नाही. परीक्षकांना वाटतं काहीतरी म्हणायचंय."

"श्वास घेतला तर चालंल का?"

"हळू."

त्यांच्या हातात पेढ्यांचे चार पुडे होते. ते निकालानंतर वाटायचे असतात, हे मी सांगितलं होतं. पण दहा वाजता नागपूरहून आलेले बाह्य परीक्षक, डॉक्टर बोधनकर, दारातून आत शिरले आणि तात्यांनी पहिला पुडा फोडून त्यांच्यापुढे धरला.

बोधनकर सर उंच, घाऱ्या डोळ्यांचे, आणि विद्यार्थ्यांना रडवण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी पुड्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे.

"निकालाच्या आधी पेढे? ही लाच आहे की आत्मविश्वास?"

"ऊन आहे, साहेब," तात्या म्हणाले. "मे महिना. तुमचा निकाल लागेपर्यंत ह्यांचा लागंल."

बोधनकर सरांनी दोन उचलले. माझ्या मार्गदर्शक वर्तक मॅडम माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होत्या. मी भिंतीकडे बघत होते.

रात्रभर झोप नव्हती. अशा वेळी एक विचित्र हलकेपणा येतो. पायाखाली फरशी आहे हे माहीत असतं, पण खात्री नसते. मला कशाचंही हसू येत होतं. शेख सरांच्या कोटाचं, प्रोजेक्टरच्या घरघरण्याचं, पहिल्याच पानावर छापलेल्या माझ्या स्वतःच्या नावाचं. सुलक्षणा रंगराव चाळके. ही बाई कोण आणि तिला विश्वाबद्दल काय माहिती?

माहिती होती ती अशी. विश्वात द्रव्य सारखं पसरलेलं नाही. कुठे दीर्घिकांचे दाट थवे, आणि मध्ये कोट्यवधी प्रकाशवर्षं जवळजवळ काहीच नाही, अशा पोकळ्या. आपण मात्र हिशेब करताना सगळं सारखंच पसरलंय असं धरतो, कारण तसं धरलं की गणित सुटतं. माझं म्हणणं असं होतं की आपण स्वतःच एका मोठ्या पोकळीत राहतो. भोवतालच्या दाट भागाची ओढ बाहेरच्या बाजूला असते, त्यामुळे जवळच्या दीर्घिका आपल्यापासून जरा जास्तच वेगानं पळताना दिसतात. विश्व किती वेगानं प्रसरण पावतंय हे त्यांच्यावरून मोजायला गेलं, तर उत्तर फुगतं. किती, ते मी स्फोट झालेल्या ताऱ्यांवरून काढलं होतं. त्या एका जातीच्या ताऱ्यांचं मूळ तेज ठरावीक असतं, म्हणून ते किती मंद दिसतात यावरून अंतर कळतं. फुगवटा निघाला होता सहा टक्के. ज्यांना यातलं कळतं ते सहा टक्के ऐकून खुर्चीत पुढे सरकत. जर्मनीतल्या एका संस्थेनं तेवढ्यावर मला तीन वर्षांची जागा देऊ केली होती. अट एकच, जूनअखेर पदवीचं पत्र हातात पाहिजे. म्हणजे आज नुसतं पास होऊन चालणार नव्हतं. आजच, एकही दुरुस्ती न निघता पास व्हायला हवं होतं.

तात्यांनी हेच सगळं एसटीच्या कंडक्टरला एका वाक्यात सांगितलं होतं. "आमची मुलगी आभाळातले खड्डे मोजते." कंडक्टर म्हणाला होता, "खालचे मोजून झाले का?"

तर मी तासभर बोलले. प्रश्न झाले. बोधनकर सरांनी मला एकदाही रडवलं नाही. उलट आवाज बसला तेव्हा तेच म्हणाले, "मघाचा पेढा घ्या एक. बरं वाटते." मी तोंडात टाकला, शेख सरांनी ते वाक्य म्हटलं, आणि तात्यांनी हात वर केला.

"विचारा की," शेख सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तात्या उभे राहिले. चष्मा काढून, पुसून, परत घातला.

"साहेब, पहिल्या तक्त्यावर लिहिलंय, एकूण तारे एकसष्ट. आलेखावर ठिपके त्रेचाळीस आहेत. मी दोनदा मोजले. अठरा कुठं गेले?"

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. बहुतेक मीच.

"वगळले," मी पेढा गिळून म्हणाले.

"का?"

"त्यांचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत दीर्घिकांचे थवे लागतात. तिथं तो वाकतो, तेज कमीजास्त होतं. ते तारे... अडचणीचे होते."

"परिशिष्टात तशी टीप आहे," वर्तक मॅडम घाईनं म्हणाल्या. "असं वगळण्याची पद्धत आहे."

"पद्धत आमच्यातही होती, मॅडम." तात्या आता बोधनकर सरांकडे वळले. "साहेब, नवा मोजणीदार आला की पहिल्या वर्षी एक चूक हमखास करतो. साखळी ओढताना मध्ये करवंदाची जाळी लागली की हा चार पावलं बाजूनं जातो. काटे कोण खाईल? तेवढं माप अंदाजानं धरतो. बाकी मोकळ्या रानातली मापं चोख. नकाशा असा देखणा होतो म्हणता! अधिकारी पाठ थोपटतात. आणि सहा महिन्यांनी दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन कचेरीत येतात."

"का बरं?"

"कारण बांध जाळीतच वाकलेला असतो."

प्रोजेक्टर घरघरत होता. पडद्यावर माझे त्रेचाळीस ठिपके एका सुंदर सरळ रेषेवर मुंग्यांसारखे बसले होते.

बोधनकर सरांनी गुडघ्यावर टाकलेला पाय खाली घेतला. "चाळके मॅडम, ते अठरा परत घालून कधी बघितलं का?"

"आत्ता घालता येतील, सर," मी म्हणाले. "प्रयोगशाळेच्या संगणकाला इथून जोडता येतं."

"किती वेळ लागते?"

"वीस मिनिटं."

"करून टाका. तोवर सामोसे बोलवा."

वर्तक मॅडमनी कपाळाला हात लावला. मी टेबलाशी बसून आकडे भरले, कळ दाबली, आणि पडद्यावर एक आडवी पट्टी आली. एक टक्का. दोन टक्के. माझं नशीब साऱ्या सभागृहाला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात पुढे सरकत होतं, आणि मला अजूनही हसू येत होतं. ओठ दाबून धरले तर ते नाकातून येत होतं.

सामोसे आले. आणि मग जे झालं ते त्या विभागाच्या इतिहासात झालं नसेल.

सुरुवात शेख सरांनी केली. बशी घेऊन ते हळूच तात्यांशेजारी बसले. "चाळकेसाहेब, एक खासगी विचारायचं होतं. आमच्या भावाची वाईजवळ थोडी जमीन आहे. शेजाऱ्यानं..."

"बांध सरकवला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"शेजारी दुसरं काय करतो, साहेब? सातबारा आणलाय का?"

"इथं? आज?"

"नसू दे. विहीर कुठल्या अंगाला?"

एकोणीस टक्के.

"अहो, आमचं भोरला तसंच झालंय," वर्तक मॅडम खुर्ची ओढत म्हणाल्या. पाच मिनिटांपूर्वी त्या मला गिळायला निघाल्या होत्या. "कुंपण चांगलं चार फूट आत घेतलंय मेल्यानं."

"मॅडम, तो सामोसा खाली ठेवा आणि फळ्यावर काढून दाखवा."

मॅडमनी ठेवला. ज्या फळ्यावर त्यांनी आम्हाला अवकाशाची वक्रता शिकवली त्याच फळ्यावर त्यांनी भोरची जागा काढली.

"उत्तर कुठाय?" तात्या.

"वर."

"हे वर नव्हं. तुम्ही दार पश्चिमेला काढलंय आणि सकाळी ऊन घरात येतं म्हणताय."

विभागप्रमुख टाळ्या वाजवून हसले. मॅडमनी लाजून पुसलं आणि पुन्हा काढलं. दारात सामोशांचा ट्रे घेतलेले शिपाई काळोखे मामा उभे होते, ते तिथूनच म्हणाले, "माझं जरा चुलत्याबरोबर आहे." तात्या म्हणाले, "रांगेत या."

शेहेचाळीस टक्के.

"आमच्याकडे काटोलला," बोधनकर सर म्हणाले, आणि सगळे एकदम गप्प झाले, कारण बोधनकर सरांना खासगी आयुष्य असेल असं कुणाला वाटलं नव्हतं, "संत्र्याच्या बागेतून दुसऱ्याच्या बैलगाडीची वाट जाते. वडिलांच्या काळापासून. नकाशात नाही."

"पायाखाली आहे ना?"

"आहे नं."

"मग आहे. नकाशात नसलेली वाट लोक जास्त सांभाळतात. बंद करायला जाऊ नका, साहेब. मोजून घ्या आणि कागदावर आणा."

बोधनकर सरांनी खिशातून माझ्याच प्रबंधाचा सारांश काढला आणि त्याच्या पाठीमागे ते लिहून घेतलं.

मी एकटी पडद्यासमोर बसले होते. एकाहत्तर. पंच्याहत्तर. मागे हसण्याचा कल्लोळ, समोर ती पट्टी. मला एकदम वाटलं, हे असंच चालू राहावं, पट्टी नव्व्याण्णववर अडकावी, आणि तात्यांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या विद्यापीठाचे बांध सोडवावेत.

ती अडकली नाही.

नवा आलेख पडद्यावर आला तेव्हा मागचा आवाज आपोआप थांबला. मुंग्यांच्या रांगेवर कुणी पाय दिला होता. ठिपके वर, खाली, दोन तर आलेखाच्या चौकटीबाहेर. रेषा होती, पण तिला रेषा म्हणायला मन मोठं लागलं असतं. खाली उत्तर होतं. फुगवटा सव्वादोन टक्के, आणि त्यात चुकीला जागाही जवळपास तेवढीच.

आणि मला हसू फुटलं. दाबलेलं, नाकातून येणारं नव्हे. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी थांबायचा प्रयत्न केला की ते चौकटीबाहेरचे दोन ठिपके दिसायचे, शाळेतून पळालेल्या पोरींसारखे, आणि पुन्हा सुरू. शेख सर घाबरले. काळोखे मामांनी पाणी आणलं. बोधनकर सर उठून पडद्याजवळ गेले, त्या दोन ठिपक्यांकडे नाक लावून बघितलं, आणि तेही हसायला लागले. त्यांचं हसू कुकरच्या शिट्टीसारखं होतं. त्यावर सगळेच.

"तर," ते डोळे पुसत म्हणाले, "तुमची पोकळी गेली का?"

"गेली नाही, सर. उथळ झाली."

"आपण तिच्यात आहोत, हे नक्की?"

"नाही."

"सकाळी तर नक्की होतं."

"सकाळी मी बाजूनं जात होते."

शेख सरांनी घसा साफ केला आणि उमेदवारानं बाहेर थांबावं असं सांगितलं. उमेदवाराचे वडीलही बाहेर आले. उरलेला पुडा त्यांच्या छातीशी होता.

बाहेरच्या व्हरांड्यात तात्यांचा चेहरा पहिल्यांदा पडलेला दिसला. आत भरलेला दरबार कुठल्या कुठे गेला होता.

"सुलू, माझ्यामुळं गेलं का गं?"

"काय माहीत."

"मी आत जाऊन सांगू का? म्हातारा आहे, काहीबाही बोलतो, म्हणून?"

"आता कुणी ऐकणार नाही. मॅडम तुम्हाला भोरला नेणार आहेत."

ते हसले नाहीत. मग मी एवढी हसले की तेही हसले. मग शिपायांच्या बाकावर आम्ही दोघं, तिथून जाणारी प्रत्येक व्यक्ती वळून बघेल असे, हसत बसलो. मध्येच ते म्हणत, "उत्तर वर," आणि पुन्हा.

दहा मिनिटांनी आत बोलावलं. शेख सर उभे होते. पदवीसाठी शिफारस झाली होती. मात्र चौथं प्रकरण सर्व एकसष्ट निरीक्षणांसह नव्यानं लिहावं, त्यासाठी तीन महिने. बोधनकर सरांनी हात मिळवला. "आधीचा प्रबंध फार साफ होता," ते म्हणाले. "मला येतानाच शंका होती, पण कुठं बोट ठेवावं ते सापडत नव्हतं. तुमच्या वडिलांना मोजता येते."

तीन महिने म्हणजे ऑगस्ट. जूनअखेर नव्हे.

ते गणित तात्यांनी मला विचारलं नाही, आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. स्वारगेटला कराडची गाडी लागायला अर्धा तास होता. आम्ही उसाचा रस घेतला. अर्धा ग्लास झाल्यावर ते म्हणाले, "जर्मनीचं?"

"नाही आता."

"नक्की?"

"नक्की. तिथं दुसरा कुणीतरी वाट बघतच असेल."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. रसवाल्याचा घुंगरांचा चरक फिरत होता. मी म्हणाले, "तात्या, खरं सांगा. तुम्ही आज ठिपके मोजलेत?"

"मोजले की. दोनदा."

"पण मोजावेसे का वाटले?"

त्यांनी बराच वेळ समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या.

"गणपतीत आलीस तेव्हा एकसष्ट म्हणाली होतीस," ते म्हणाले. "तोंडावर नुसता आनंद. एकसष्ट तारे मिळाले म्हणून शेजारी सांगून आलो मी. मग सगळे घालून काय निघतंय ते बघते म्हणालीस. दोन दिवस त्या यंत्रापुढनं उठली नाहीस. दिवाळीला आलीस तर त्रेचाळीस. मी विचारलं, मधले कुठं गेले? तू म्हणालीस, भाजी वाढू का?"

मला आठवत नव्हतं. म्हणजे आठवत होतं.

गणपतीत, आरतीचा आवाज वाड्यावस्त्यांतून येत असताना, मी तो आलेख पाहिला होता. आज पडद्यावर आला तोच. सव्वादोन टक्के. मी फाईल बंद केली होती आणि मग वगळण्यासाठी एक चांगलं, पुस्तकात सापडणारं, कुणालाही पटेल असं कारण शोधलं होतं. मॅडमना तो आलेख मी कधी दाखवला नाही. बोधनकर सरांनी "कधी बघितलं का" असं विचारलं, तेव्हा मी "आत्ता घालता येतील" म्हणाले होते. ते खोटं नव्हतं.

"मग दिवाळीलाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"वाटलं, सांगशील."

"आणि आज सगळ्यांसमोर?"

"आज शेवटचा दिवस होता. उद्या नकाशावर शिक्का बसला असता." त्यांनी ग्लास पुन्हा उचलला. "मला वाटलं होतं एवढं महागात जाणार न्हाई. चुकलं माझं."

"नाही," मी म्हणाले.

"जर्मनी कुठल्या अंगाला येतं?"

"वर."

त्यांच्या नाकातून रस आला. रसवाला धावत आला, बाकावरच्या बाईनं पदर तोंडाला लावला, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, रडत, हसत, कराडची पहिली गाडी चुकवली.

ऑगस्टमध्ये प्रकरण लिहून झालं. जर्मनीची जागा दुसऱ्याला मिळाली. दोन वर्षांनी मला इथंच एका महाविद्यालयात नोकरी लागली आणि मी अजून तिथंच शिकवते. माझा प्रबंध फार कुणी वाचला नाही. पोकळीचा वाद अजून मिटलेला नाही. काही म्हणतात आहे, काही म्हणतात एवढी खोल नाही.

यंदाच्या फाल्गुनात तात्या गेले. भेटायला येणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगते. ती चांगली सांगता येते मला. कुठं थांबायचं, पट्टी कुठं किती टक्क्यांवर आणायची, सगळं बसलंय आता. लोक रडायच्या तयारीनं येतात आणि डोळे पुसत हसत जातात. जाताना म्हणतात, काय माणूस होता. मी रसाच्या ग्लासापाशी थांबते.

त्यापुढे कराडच्या दवाखान्यातले बारा दिवस आहेत. ते मी कुणाला सांगितलेले नाहीत.

पहिल्या तीन दिवसांत ते बरे होतील असं सगळ्यांना वाटत होतं. चौथ्या दिवशी त्यांनी अंघोळ घालायला आलेल्या दवाखान्यातल्या मावशीच्या थोबाडीत मारली. ज्यांनी मला कधी बोट लावलं नाही त्यांनी. मी माफी मागितली, मावशी म्हणाली, "राहू द्या ताई, ते त्यांचं नाही, आजाराचं आहे." पाचव्या दिवशी मी भरवलेला भात त्यांनी माझ्या अंगावर थुंकला आणि मला आईच्या नावानं शिवी दिली. आईला त्यांनी शिवी दिलेली मी कधी ऐकली नव्हती. सहाव्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं की कॉलेजात परीक्षेचं काम आहे, आणि घरी गेले. काम नव्हतं. सातवा आणि आठवा दिवस मी दार लावून झोपून काढला. फोन वाजला की पालथा ठेवत होते.

नवव्या दिवशी सकाळी परत गेले. खिडकीतून ऊन आलं होतं. ते उशीला टेकून बसले होते, केस कुणीतरी विंचरले होते, आणि चेहरा शांत होता, माझ्या ओळखीचा. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, नव्या माणसाकडे बघतात तसं, नीट, आदरानं.

"कोण आपण?"

मी पलंगाची दांडी धरली.

"मोजणी खात्यातल्या का?"

"हो," मी म्हणाले.

"मग उभ्या कशाला? बसा की."

मी बसले. नंतरचे तीन दिवस तिथंच बसले.